भुरीचं अंडं

आजही पेंढा ओला होता. त्यात टरफलाचा चुरा, आणि भुरीच्या चोचीवर पिवळा ओघळ. अंडं बघायला ती बाहेरून खुराड्याच्या जाळीशी वाकली होती, तशीच थांबली. भुरीने चोच पेंढ्याला पुसली, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. जे काही झालं ते शेजारच्या घरात झालं, आपल्याला काय त्याचं, अशा नजरेने.

"झाला का मॅडमचा नाश्ता?" मागून नवरा म्हणाला. "यांना अंथरुणातच लागतो."

तिला हसू आलं नाही.

भुरीला ही खोड लागली ती तिच्यामुळेच. तिचे सांधे धरले, बोटं सुजली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं, "तुझ्या शरीराला आपलं कोण आणि परकं कोण, तेच कळेनासं झालंय. ते स्वतःवरच धावून जातं." औषधं सुरू झाली. थोडे दिवस अंडी बंद करून बघू, असंही त्या म्हणाल्या. अंड्यांनी काही फरक पडला नाही, औषधांनी पडला. ती पुन्हा सुई धरू लागली, गिऱ्हाइकांच्या शर्टांना काजं-बटणं करू लागली. "आता खा अंडी बिनधास्त," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण तिचा हात धजेना. अंडी खुराड्यात साठत गेली. एक कुणाच्या तरी पायाखाली फुटलं, भुरीने चाखलं, आणि तेव्हापासून ती स्वतः घातलेलं अंडं स्वतःच फोडून खाऊ लागली.

टक्, टक्. तो आवाज तिला आता कुठेही ऐकू यायचा. भाजी चिरताना, नळ ठिबकताना. अंगावर पांघरूण घेतलं की पोटाच्या आतून यायचा.

दोन बाळं गेली होती तिची, पोटातच. आणि आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बदलून दिल्या होत्या. दुखणं शांत आहे, या वेळी आशा आहे, म्हणाल्या होत्या. "फक्त अंगात ताकद हवी. रोज एक अंडं तरी खा गं बाई." तिने मान डोलावली होती आणि घरी येऊन तोंडाला कुलूप लावलं होतं. नवरा शाळेची बस चालवायचा. मागचं बाळ गेलं तेव्हा, शाळेच्या मुलांना उतरवून झाल्यावर तो रिकाम्या बसमध्ये एकटाच रडत बसला होता. हे तिला त्याने नाही, बसमधल्या मावशींनी सांगितलं होतं. पुन्हा त्याला आशा लावायची, आणि पुन्हा आपल्याच अंगाने ती खाऊन टाकायची? नको. राहील तितके दिवस राहू दे, गुपचूप.

शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावल्या. "अजून तेच का? अगं, एकदा चव लागली की ती कोंबडी कामातून गेली. बाकीच्याही शिकतील तिचं बघून. कापून मोकळे व्हा."

"उद्या सकाळी बघतोच तिच्याकडे," नवरा म्हणाला.

दिवसभर तिच्या हातून काजं वाकडी होत राहिली.

संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला. "नका ना कापू तिला."

"अगं, पोटचं खाते ती."

"तिला कळत नाही हो." तिचा आवाज एकदम फाटला. "ते तिचंच आहे, हे कळतच नाही तिला. मुद्दाम करते का ती?"

त्याचा घास हातातच राहिला. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिने पोटाशी धरलेल्या हाताकडे. मग उठला आणि हात धुऊन बाहेर गेला.

सकाळी जाग आली तेव्हा शेजारची उशी रिकामी होती. ओट्यावरची सुरी जागेवर नव्हती. ती अनवाणी धावली. परसात सगळं शांत होतं. खुराड्याचं दार सताड उघडं होतं, आणि आत तो, कामावरची इस्त्रीची पँट घालून, मातीत पालथा पडला होता. सुरी बाजूला टाकलेली, तिच्या पात्याला काळ्या रबराचे कण.

"शू," तो कुजबुजला. "बसलीय."

भुरी टेबलाच्या एका जुन्या खणात बसली होती. खण मागच्या बाजूने विटेवर उचललेला, तळाला बसमधली जुनी रबरी चटई उताराला अंथरलेली. उताराच्या शेवटी, खणाच्या तुटक्या तळाशी, रबरात सुरीने कापलेली फट होती. फटीखाली त्याचा स्वेटर घडी करून ठेवला होता.

ती त्याच्याशेजारी उकिडवी बसली. दोघांनी श्वास रोखून धरला. भुरी फुगली, थरथरली, उभी राहिली आणि लगेच मागे वळली. खणात काहीच नव्हतं. तिने रबरावर चोच मारून पाहिली, टक्, टक्. जरा वेळ घुटमळली. मग पाणी प्यायला निघून गेली.

"नजरेलाच पडलं नाही, तर फोडेल कशाला?" तो म्हणाला. "एवढ्यासाठी कापायचं होय कुणाला?"

त्याने फटीखाली हात घालून अंडं काढलं. अख्खं, ऊबदार. अंगठ्याने त्यावरचं पीस झटकलं आणि तिच्या ओंजळीत ठेवलं.

"खा आज. दोघांत एक."

"अर्धं तुम्हाला ठेवते," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो गुडघ्यांवरची माती झटकत राहिला.

"मला कशाला?" तो म्हणाला. "तुम्ही दोघं खा."