नंबर एकशे अठरा

"आधी मला चिरडा, मग खुशाल चार्जिंगला लावा," असं म्हणत रुइशान हात पसरून मध्येच घुसणाऱ्या काळ्या गाडीसमोर उभी राहिली.

काळ्या गाडीवाल्याने काच खाली केली. "ताई, दोनच टक्के उरलेत माझ्याकडे."

"इथे सगळे दोन टक्केवालेच आहेत. पाच टक्केवाला दिसला तर आम्ही त्याला साहेब म्हणतो."

लोक हसले. चिनी वर्षाचा शेवटचा दिवस. हुनानमधल्या महामार्गावरच्या त्या थांब्यावर चार्जर आठ, त्यातला एक बंद, आणि सणाला गावी निघालेल्या गाड्या नजर पोहोचेल तिथवर. थांब्यावरचे कर्मचारी माओकाका गळ्यात कर्णा अडकवून, मागेल त्याला टोकन देत होते. गाडी मिळेल तिथे लावा, नंबर पुकारला की आणा. तोवर माणसं चार्जरभोवती कोंडाळं करून उभी. एरवी प्रकृती विचारतात तसे एकमेकांचे टक्के विचारत होती.

"एवढं बोलताय, तुमचे किती टक्के?" काळ्या गाडीवाला म्हणाला.

"आमचं नका विचारू."

ती हे अशा काही सुरात म्हणाली की शेजारच्या बाईने तिच्या हातावर एक संत्रं ठेवलं.

काळी गाडी मुकाट्याने मागे गेली. टाळ्या पडल्या. टाळी वाजवली नाही ती फक्त कायवेनने, रुइशानच्या नवऱ्याने. तो एकशे अठरा नंबरचं टोकन मुठीत आवळून उभा होता आणि एवढ्या थंडीत त्याला घाम फुटला होता.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर सासूबाई. मागे यीयांगच्या घरचं स्वयंपाकघर आणि वाफ.

"कुठवर आलात?"

"लेइयांगच्या अलीकडे आहोत, आई. चार्जिंगला ही गर्दी! आमचा नंबर एकशे अठरा!" रुइशानने फोन गोल फिरवून गर्दी दाखवली.

"अगं, माशाचं डोकं दोनदा गरम करून झालं. तिसऱ्यांदा केलं तर तो मासाच उठून निघून जाईल! आणि सांगून ठेवते, फटाके वाजले की मी दार लावणार. मग बाहेर साक्षात देव उभा असला तरी तो पुढच्या वर्षीचा."

हे काही नुसतं बोलणं नव्हतं. त्या घरात वर्षाचं शेवटचं जेवण दार लावूनच होई आणि लावलेलं दार जेवण उरकेपर्यंत कुणासाठी उघडत नसे. पाच वर्षं रुइशान त्या दाराच्या आत जेवली होती. या वसंतात तिचे वडील गेले. लेइयांगला आई एकटी. या वेळी आईकडे जेवू का, असं तिने महिन्यापूर्वी विचारलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "लग्न झालेल्या मुलीने आज माहेरी जेवलं तर माहेराची बरकत जाते."

"माहेरात आता आहे कोण बरकत जायला?" रुइशानने विचारलं होतं. त्यावर सासूबाईंनी विषय बदलून कायवेनच्या नव्या गाडीचा काढला. गाडी त्यांनी अजून पाहिली नव्हती, पण मुलाने विजेची गाडी घेतली म्हणून गावभर सांगून झालं होतं.

"एकशे अठरा!" कर्णा कडाडला.

कायवेन पांढराफटक पडला.

"अगंबाई, आला नंबर!" फोनमधून सासूबाई ओरडल्या. "पळा!"

रुइशान पळाली नाही. तिने आजूबाजूला पाहिलं. कोंडाळ्याच्या कडेला एक म्हातारं जोडपं खोक्यात दोन जिवंत कोंबड्या घेऊन उभं होतं. तिने टोकन कायवेनच्या मुठीतून सोडवलं आणि आजोबांच्या हातात दिलं.

"आजोबा, तुम्ही व्हा पुढे."

"आणि तुम्ही?"

"आम्ही तरुण आहोत. आम्हाला शेवटचा नंबर चालेल."

या वेळी टाळ्या जोरात पडल्या. काळ्या गाडीवाल्याने मान खाली घातली. माओकाकांनी नवं टोकन देताना तिला वाकून नमस्कार केला.

"वेड लागलंय का तुला?" सासूबाईंचा आवाज चढला. "कायवेन, अरे, बायकोला आवर!"

"आई, लोक बघतायत," कायवेन पुटपुटला.

"म्हातारी माणसं उभी असताना मी नाही पुढे घुसणार," रुइशान म्हणाली. "दार लावायचं तर लावा."

"थांब. कायवेन, तुझ्या मामाकडे रस्त्यात चार्जिंग करून देणारी फिरती गाडी आहे. त्यालाच धाडते."

कायवेनला ठसका लागला.

"धाडा," रुइशान शांतपणे म्हणाली. "पण मामांना परत यायला उशीर होईल. मग दार त्यांच्यासाठी उघडणार का?"

मागून मामांचा आवाज आला, "ताई, मी कुठेही जाणार नाही. मी आत्ताच सांगतोय."

सासूबाईंनी डोळे पुसले. वाफेमुळे असेल.

"तुझी आई तिथून जवळच राहते ना?"

"पुढच्या फाट्यावर उतरलं की."

"मग काय रस्त्यावर पाकिटातल्या शेवया खाऊन वर्ष संपवणार माझा मुलगा? जा तिकडेच. पोटभर जेवा. बरकतीचं मी बघते, देवाला समजावून सांगेन." मग एकदम काळजीने, "पण तेवढी तरी जाईल का रे गाडी?"

कायवेनने पहिल्यांदाच मान ताठ केली.

"तेवढी जाईल, आई."

फोन बंद झाला. रुइशानने संत्रं सोललं, अर्धं त्याला दिलं आणि नवं टोकन माओकाकांना परत केलं. ती दोघं चालत निघाली, तेव्हा गर्दीने आपण होऊन वाट करून दिली आणि कुणीतरी मागून ओरडलं, "ताई, जपून जा, हीटर लावू नका!" तिने हात हलवला. सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, ट्रकच्या आड लावलेल्या गाडीत दोघं बसली. कायवेनने किल्ली फिरवली, इंजिन घरघरलं आणि पेट्रोलचा काटा सरसर चढत 'फुल'वर जाऊन थांबला.