पांढरी पाच

गिरणीमागच्या खोलीत किमयाचा लॅपटॉप पिठानं पांढरा झाला होता. स्नेहसंमेलनात अख्खं कॉलेज नाचवायचं गाणं संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं आणि त्याची पट्टीच ठरत नव्हती. काळी एक घेतली की बास दबायचा, पांढरी तीन घेतली की सूर भिंतीपलीकडच्या घरघरीशी भांडायचे.

"अण्णा, बंद करा ना ती गिरणी!"

भजनात पेटी वाजवणाऱ्या वडिलांनी गिरणीतलं धान्य संपवून बटण दाबलं आणि दारात येऊन म्हणाले, "पांढरी पाच घेऊन बघ."

तिनं घेतली. शांत खोलीत गाणं अगदीच अळणी वाटलं.

"काही दम नाही हो यात."

"कसा असेल? जोडीदारीण गप्प बसवलीस ना तू. बावीस वर्षं मी तिच्याच सुरात अभंग म्हणतोय. पांढरी पाचात घुमते ती."

किमयानं टुणकन उडी मारून मोबाइल उचलला. "मग चालू करा! तिचाच आवाज गाण्याखाली टाकते."

"दळण संपलं की गं. रिकामी चालवली तर दगड झिजतात."

तिनं स्वयंपाकघरातून गव्हाचा डबा आणून गिरणीच्या तोंडात उपडा केला.

स्नेहसंमेलनात पहिल्याच ठोक्याला सगळे नाचायला उठले, खुर्च्या रिकाम्या झाल्या. गिरणीला कुलूप लावून आलेले अण्णा शेजारच्या प्राध्यापकांच्या कानात ओरडले, "खालून घुमतेय ना, ती आमची गिरणी! आणि गहू घरचे!"