कडक गिअर

"आता पाह्य," गाडीखालून सरपटत बाहेर येत मच्छिंद्र म्हणाला. "आता लेकराच्या हातानं बी पडंल गिअर."

कल्याणने इंजीन सुरू केलं. केदारखेड्यात घरापुढच्या अंगणात, लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली लाल गाडी गुरगुरली. दोन दारं, दोनच सीटं, आणि इतकी बुटकी की गावातला एकही गतिरोधक तिने पोट घासल्याशिवाय ओलांडला नव्हता. त्याचे वडील पुंजाराम अजूनही आल्यागेल्याला विचारत, "मंग आम्ही काय टपावर बसावं?" पण फाट्यावरून जालन्याच्या रस्त्याला लागली की ती गाडी आणि कल्याण, दोघंही निराळेच होत. शेजारच्या सीटवर शालू दार घट्ट धरून नवऱ्याला हळू हाका म्हणायची, आणि तो हळू हाकू लागला की हिरमुसायची.

त्याने क्लच दाबला. डावा हात गिअरच्या दांड्यावर ठेवला. हा दांडा आता मूळच्यापेक्षा वीतभर लांब होता. महिन्यापूर्वी मच्छिंद्रने वर पाइप जोडून दिला होता, लांब दांड्याला जोर कमी लागतो म्हणून. मग त्याने तेल बदलून पातळ घातलं. मग आतल्या स्प्रिंगा कापून अर्ध्या केल्या. दर वेळी दोन दिवस बरे जायचे आणि कल्याणचा निरोप यायचा, गिअर परत कडक झाला. आज मच्छिंद्रने गिअर जागेवर धरून ठेवणाऱ्या त्या स्प्रिंगाच काढून टाकल्या होत्या. असल्या गाडीत चढावर गिअर आपोआप निसटू शकतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ही गाडी चढापर्यंत जाणार नाही, हेही ठाऊक होतं.

दांडा थरथरला, पण पुढे गेला नाही. कल्याणने खांदा लावला. दांडा अर्ध्यात गेला आणि बोटं मुठीवरून घसरली.

"न्हाई," तो म्हणाला. "कडकच हाये अजून. खाली कायतरी अडकून राह्यलं."

मच्छिंद्र फडक्याला हात पुसत राहिला. फाट्यावर त्याचं ट्रॅक्टरचं गॅरेज होतं, आणि शाळेपासूनचा दोस्त म्हणून तो स्वतःचं काम टाकून इथे येत होता. हाच दांडा त्याने आत्ताच दोन बोटांनी ढकलून पाहिला होता. महिनाभर खोटं बोलून त्याला आता स्वतःचाच राग यायला लागला होता.

शालू पायरीवरून सगळं पाहत होती. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा नवरा-बायको शेजारी शेजारीच बसलेले होते. नसांचा आजार आहे, औषधाने जरा लांबेल, पण एका हातावर थांबणारा नाही. कल्याणने मान डोलावली होती. परत येताना गाडी मच्छिंद्र चालवत होता आणि शालू मागून बसने येत होती. घरी पोचल्यावर तिने पाहिलं, तर कल्याण बॉनेट उघडून उभा. "गिअरचा लोचा हाये," तो म्हणाला होता. गिअरचा दोष असला तर तो काढता येतो. एवढ्या एका आशेवर माणूस सकाळी उठत होता, जेवत होता, बोलत होता.

"कल्याण," मच्छिंद्र म्हणाला, "खरं सांगू का? गिअरमधी आता काय बी ऱ्हायलं न्हाई. बिलकुल हलका—"

"थांबा भाऊजी," शालू उठली. "मी बघते."

ती डाव्या सीटवर जाऊन बसली. कल्याणने क्लच दाबला आणि तिच्या हाताकडे टक लावून बसला. तिने दांड्याला नुसतं बोट लावलं, तर तो पुढे सरकू लागला. तिने झटकन मूठ आवळली. होता तिथेच तो दाबून धरला. दात-ओठ खाल्ले, मनगटाच्या शिरा फुगेपर्यंत जोर केला. तो सगळा जोर दांडा अडवायलाच लागत होता.

"बाई गं!" ती धापा टाकत म्हणाली. "किती कडक हो हे! मला बी पडंना."

कल्याणचा चेहरा असा खुलला की तिला त्याच्याकडे पाहवेना.

"म्हणून राह्यलो ना मी!" तो ओरडला. "मच्छ्या, मह्यावर इस्वास न्हाई तुहा. आता हिला बी पडंना. बोल!"

"खोला भाऊजी परत," शालू म्हणाली. "बराबर बघा या टायमाला."

मच्छिंद्रने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने कल्याणला इंजीन बंद करायला सांगितलं, पाना उचलला आणि तो पोत्यावर आडवा होऊन पुन्हा गाडीखाली गेला. तिथे सैल करण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं. तो उताणा पडून लोखंडावर पाना वाजवू लागला.

वर कल्याण रंगात आला होता. गाडी नीट झाली की धावड्याला जाऊ, तिथून घाटापर्यंत जाऊ, असं तो शालूला सांगत होता. बोलता बोलता त्याला काहीतरी आठवलं आणि तो खिडकीतून खाली वाकला.

"अन् आयक रे मच्छ्या, खाली हायेसच तर क्लच बी पाहून घे. चार दिवस झाले, त्यो बी जड लागून राह्यला."

खालचा आवाज थांबला. शालूने हळूच त्याच्या डाव्या पायाकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"पाहतो," खालून मच्छिंद्र म्हणाला. जरा वेळाने पाना पुन्हा वाजू लागला.