परत येण्याचं कारण

तिसऱ्या नकाराचं पत्र आईनंच फोडलं. लेक चपला काढेपर्यंत तिचं वाचूनही झालं होतं.

“तेच रडगाणं,” आई म्हणाली. “अर्जदार मुदतीत परत येईल असं मानायला सबळ कारण दिसत नाही.”

लेकीनं पत्र हातातही घेतलं नाही. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि नवऱ्याच्या कामाच्या परवान्यात बायकोला जागा नव्हती. जायचं ते पर्यटक म्हणून, नव्वद दिवसांपुरतं. दोनदा ती गेली आणि दोन्ही वेळा मुदतीच्या आदल्या दिवशी गुपचूप परत आली. तिसऱ्यांदा अर्ज केला आणि व्हिसाच्या खिडकीमागच्या माणसांच्या डोक्यात संशय शिरला; तेव्हापासून नकारामागून नकार. सारखी सारखी जाते, म्हणजे एक दिवस तिकडेच तळ ठोकणार.

इकडे नवऱ्याचे फोन आखडत चालले होते. आधी तास पुरायचा नाही, आता हवापाणी विचारून झालं की दोघंही गप्प. या खेपेला जाणं झालं नाही तर आपला संसार असाच फोनवर विझून जाणार, अशी तिला धास्ती होती.

“त्यांना कारणच हवंय ना?” आई म्हणाली. “मग मला पाड आजारी.”

“काहीतरीच काय बोलतेस?”

“का? रक्ताच्या लॅबमध्ये काय नुसत्या पावत्या फाडतेस? आजारी म्हातारी आणि एकुलती एक लेक. याहून सबळ कारण कुठून आणायचं?”

लेक आधी हसली. मग हसू ओसरलं आणि ती विचार करू लागली.

लॅबमध्ये तिच्याकडे काउंटर होतं. तपासणीसाठी रक्त काढायचं, रिपोर्ट पाकिटात भरायचे, आणि एखाद्याचा आकडा भलताच आला तर त्याच्या घरी फोन करून ‘आजच डॉक्टरांना दाखवा’ म्हणून सांगायचं. अशा रिपोर्टला आतून लाल चिठ्ठी लागून यायची. फोन झाला की चिठ्ठीवर ‘कळवले’ लिहून सही करायची. आत मशीनवर काका आणि नवी टेक्निशियन. काका तिथले सगळ्यात जुने, आणि सरळ माणूस. त्यांना वळवायला तिला दोन दिवस लागले.

“किडनीचा आकडा तेवढा वाढवा, काका. एकच्या आसपास असतो, तो पाच-सहा करा, पुरे.”

“माझ्या हातून असलं कधी झालं नाही, पोरी.”

“माझा संसार मोडायला आलाय.”

काकांनी बराच वेळ चष्मा पुसला. “आईचं रक्त घेऊन ये उद्या. नोंदीला नमुना तरी हवा. पुढचं बघतो मी.”

सकाळी आईनं ऐटीत दंड पुढे केला. लेकीला शीर काही केल्या सापडेना.

“हात सुजलाय का गं?”

“झोप जास्त झाली. टोच आता.”

संध्याकाळी ट्रेमध्ये आईच्या नावाचं पाकीट तयार होतं. काकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख अचानक अलीकडे ओढली गेली म्हणे, ते महिनाभराच्या रजेवर गेले होते. जाता जाता शब्द पाळून गेले, असं मनात म्हणत तिनं रिपोर्ट उघडला. नऊ पूर्णांक चार. काकांनी हात भलताच सैल सोडला होता. वर लाल चिठ्ठीही लावली होती, कुठे फट राहायला नको म्हणून. तिला हसू आलं. तिनं चिठ्ठीवर ‘कळवले’ लिहिलं आणि झोकात सही केली.

मुलाखतीला खिडकीमागच्या माणसानं तो कागद दोनदा वाचला.

“अशा आईला सोडून जाताय?”

“म्हणून तर परत येणार,” ती म्हणाली. आवाजातली कळकळ खोटी नव्हती. नवऱ्याची आठवण आली होती.

आठवड्यात व्हिसा आला. आईनं मात्र सोंग सोडलं नाही. अर्धी पोळी खाऊन ताट सरकवायची, “आजारी माणूस कुठे जेवतो?” म्हणायची. बसल्या बसल्या दंड खाजवायची, जिना चढताना दोनदा टेकायची.

“पुरे आता, कोणी बघत नाहीये,” लेक म्हणाली.

“मुक्कामी पोचेपर्यंत राहू दे. नाट लागायला नको.”

विमानतळावर आई काचेपलीकडे थांबली. सकाळपासून चपला आवळत होत्या, म्हणून त्या हातात धरून अनवाणीच उभी होती. लेकीनं खुणेनं दटावलं, नाटक बंद कर. आई हसली, हात हलवला आणि तिथल्याच सामानाच्या गाडीवर हळूच टेकली. लेक हसतच आत गेली.

तपासणी झाली. विमानाच्या दाराशी रांग लागली होती. मोबाईलमध्ये नवऱ्याचा निरोप होता, ‘घर आवरून ठेवलंय.’ कितीतरी महिन्यांनी त्यानं असं काही लिहिलं होतं. ती ते पुन्हा पुन्हा वाचत होती, तेवढ्यात काकांचा फोन आला.

“आजच कामावर आलो बघ, पोरी. काउंटरवर तू नव्हतीस, म्हणून फोन केला. खरं तर तुझ्याशी बोलायला तोंड नाही मला.”

“असं काय बोलता, काका? तुमच्यामुळेच तर...”

“ऐकून घे आधी. त्या दिवशी मी जेवणाचा डबाही उघडला नव्हता, तोवर डोळ्यांच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. तसाच पळालो. तुझं काम राहूनच गेलं. तुझ्या आईचं रक्त नव्या मुलीनं इतरांबरोबर मशीनला लावलं असणार, आकडा आला तसा छापला असणार. तिला बिचारीला काय ठाऊक? या खेपेलाही नाकारलं ना गं त्यांनी?”