उक्तं की रोजावर

"काम उक्तं घेऊ की रोजावर?" ठेकेदाराने विचारलं. बाबांच्या घरातलं न्हाणीघर आणि स्वयंपाकघर नव्याने करायचं होतं. तोवर बाबा आमच्याकडे, हॉलमधल्या सोफ्यावर मुक्कामाला होते. त्यांची बॅग दाराशी, चपलांच्या स्टँडशेजारी होती. कपाटातला एक खण त्यांना रिकामा करून द्यायचं राहूनच गेलं होतं.

"रोजावर," बाबा माझ्याआधी बोलले.

मला हसू आलं. या माणसाने जन्मभर बांधकामांवर मुकादमी केली आणि रोजावरचा गवंडी एक भिंत आठवडाभर कशी पुरवतो, याचे किस्से सांगून आमचे कान किटवले. वय झालं, दुसरं काय.

"बाबा, रोजावर दिलं तर हे लोक काम चिंगमसारखं ताणतील," लहान मुलाला समजावतात तसं मी म्हणालो. "उक्तं दिलं की त्यांनाच घाई असते."

"ठाऊक आहे मला."

मी ठोक रक्कम ठरवून मोकळा झालो. वर, महिन्यापेक्षा एक दिवस जरी जास्त लागला तरी पैसे कापीन, अशी अट घातली. ठेकेदार चपला घालायला दाराशी गेला, तेव्हा बाबा उठून त्याच्यामागे गेले. आपली बॅग पायाने जरा बाजूला सारत दबक्या आवाजात म्हणाले, "रंगाचं तेवढं रोजावर ठेव ना. रंगाला काही घाई नसते."

ठेकेदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.