रोडगे आणि शेवटची फेरी

नितेश पोलीस भरतीच्या धावण्यात नापास झाला. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण तो अजून अमरावतीच्या मैदानावर शेवटच्या फेरीत आहे. वयात बसणारी ही त्याची शेवटची भरती. सकाळीच आईनं मारुतीला नवसाचे रोडगे केले होते.

"काहून वं माय, निकालाच्या आधीच नवस फेडला?"

"आता पाह्यतो, मारुती कसा पलटते! तू खाय गुपचूप. प्रसादाले नाही म्हनू नाही."

तुपात बुडवलेले रोडगे पोटभर खाल्ले. आता छाती भात्यासारखी चालतेय, पण पायांत काही पोचतच नाही. पुढचा गडी लांब निघालाय. नितेशनं धावता धावता मनात अर्ज केला: 'मा. मारुतीराया, रोडगे पचवण्यासाठी पोटाकडे वर्ग केलेले रक्त शर्यत संपेपर्यंत पायांकडे परत पाठवण्यात यावे, ही नम्र विनंती.'