गॅलरीतला वन्स मोअर

सोलापुरातलं ते जुनं नाट्यगृह वीस वर्षं कापसाचं गोदाम होतं. १९७४ साली गैबीसाब मिस्त्रींनी दोन वर्षं खपून त्याचं लाकडी छत पुन्हा उभं केलं. पूर्वी तिथं माइकशिवाय आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. आता गेला नाही, तर मालक शिवशरणअप्पा पुन्हा गोदाम करणार होते.

आवाजाच्या परीक्षेच्या दुपारी संगीत नाटकांतल्या जुन्या गायिका, सत्तरीच्या दाक्षायणीबाई, रंगमंचावर उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, छत माझ्याच डोक्यावर पडंल की!"

"बाई, तुमी बिनघोर म्हणा. छत माझं हाय."

पद संपलं. शेवटच्या रांगेतून अप्पा ओरडले, "शब्दन् शब्द आला की, गैबीसाब! आता हितं नाटकच!"

गैबीसाबांनी टोपी हवेत उडवली.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून खणखणीत आरोळी आली, "वन्स मोअर!"

तिघांनी वर पाहिलं. गॅलरीला अजून नुसते वासे होते. फळ्या नव्हत्या, जिनाही नव्हता.

बाईंनी पदर सावरला. "वन्स मोअर मोडायची आमच्यात रीत न्हाय," म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा सूर लावला.

वर, त्या नुसत्या वाशांवर, एकामागून एक खुर्च्या पुढं सरकल्याचे आवाज येऊ लागले.